लवकर बरे होऊ नका

ऑपरेशन झालेला माणूस बोचकं उचलून घरी निघाला की आमच्या दवाखान्यातले पट्टीवाले पट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि म्हणत, "या आता. पण लवकर बरे होऊ नका हां."

माणूस जागीच थांबायचा. सोबत आलेली बायको किंवा आई आधी त्यांच्याकडे बघायची, मग आमच्याकडे, की ह्या दवाखान्यात वेड्यांनाही ठेवतात की काय. उत्तरेकडून लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, आलेल्या कामगारांसाठी हेच वाक्य हिंदीत तयार होतं. "जल्दी अच्छे मत होना, भाई." बोलताना चेहरा अगदी कोरा. गंमत करतोय असं कुठे तोंडावर दिसलं असतं तर लोकांनी सोडूनही दिलं असतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत एका ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता, तिथे मी केसपेपर लिहायला होते. मॅट्रिक झालेली आणि अक्षर चांगलं, एवढ्या भांडवलावर मला ती नोकरी मिळाली होती. ते तिथे ड्रेसर होते. पट्टी बांधायची, पट्टी सोडायची, थेंब घालायचे. सगळे त्यांना पट्टीवाले म्हणत. मीही म्हणायची. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मला ते "कागद" म्हणून हाक मारत. "ए कागद, पुढचा पेपर आण." पेशंटांनाही नावं नव्हती. ज्या डोळ्याचं ऑपरेशन तो डावा नाहीतर उजवा. "तीन नंबरच्या खाटेवरचा उजवा कण्हतोय, बघा जरा." एकदा दोन्ही डोळ्यांची एक म्हातारी आली, तिला ते "जोडी" म्हणायचे.

दिसायला किडकिडीत, कायम खाकी शर्ट. अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, बाकीची कशीही वाढलेली. बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शोभा. प्रत्येक फळ दोन बोटांनी आळीपाळीने दाबून बघायचे आणि घ्यायचे काही नाहीत. पेरूवाली शिव्या द्यायची. डोळ्यातला दाब ते तसाच बघत. मिटलेल्या पापणीवर दोन बोटं ठेवायची, एकाने दाबायचं, दुसऱ्याने अंदाज घ्यायचा. यंत्र होतं दवाखान्यात, पण ते डॉक्टरांच्या कपाटात कुलपात. डॉक्टर मुंबईहून फक्त रविवारी यायचे. त्यामुळे बाकीचे सहा दिवस पट्टीवाल्यांची मोजमापं चालत. चिकू म्हणजे उत्तम. पेरू म्हणजे बरं, पण लक्ष ठेवा. सुपारी म्हणजे संपलं. डॉक्टर यंत्र लावून बघायचे आणि बहुतेक वेळा तेच निघायचं. ह्याचा मला राग यायचा.

राग येण्यासारखं आणखीही होतं. केसपेपरच्या शेवटी एक रकाना होता, "परिणाम". माणूस घरी निघाला की मी तिथे "बरा" किंवा "बरी" असं वळणदार अक्षरात लिहायची. काचबिंदूच्या प्रत्येक पेपरवर ते माझा शब्द खोडून वाकड्या अक्षरात "बघू" लिहायचे. लोकांसमोर. एकदा मी भांडले तर त्यांनी पेपर टराटरा फाडला आणि म्हणाले, "नवीन लिही. आणि 'बरा' लिहायचा हात असेल तर मोतीबिंदूच्या टेबलावर जाऊन बस. ह्या माणसाला खोटं लिहून घरी पाठवू नकोस." बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती. माझे कान इतके तापले की मी उठून बाहेरच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

काचबिंदूचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते ऐकून घेणारं तिथे कोणी नव्हतं. मग बाकावरच्या नव्या पेशंटला धरायचे. "मोरी तुंबली की घरात पाणी होतं ना? तसं डोळ्यात पाणी तुंबलंय. त्यानं मागची शीर मरते. मेली ती मेली, ती काय परत येणार नाही. डॉक्टर करणार काय, तर उरलीय ती वाचवायला पाण्याला एक बारीक भोक पाडून देणार. आता तुमचं अंग काय म्हणतं, भोक पडलं, चला बुजवा. बुजलं की पुन्हा तेच. म्हणून ते भोक भरता कामा नये. समजलं?" पेशंटला एवढंच समजायचं की डॉक्टर डोळ्याला भोक पाडणार आहे. दोघेजण तर ह्यांचं ऐकून खाटेवरून पळून गेले होते.

भरतीच्या वेळी ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारत. "कापलं-खरचटलं तर किती दिवसांत भरतं?" काम करणारी माणसं. छाती पुढे काढून सांगायची, चार दिवसांत, दोन दिवसांत, आमच्या अंगाला औषध माहीत नाही. ह्यांचं तोंड उतरायचं. मग हातापायांवरचे जुने व्रण बघायचे, अंगठ्याने चाचपायचे. म्हातारी, सुकलेली, हाडं वर आलेली बाई दिसली की खूश. "टिकेल." तरुण, दणकट गडी दिसला की "बुजेल." ज्याच्या डोळ्याला आधी एकदा सुरी लागलीय तो, ज्याने वर्षानुवर्षं थेंब घातलेत तो, ज्याचा डोळा सदा लाल तो, हे सगळे "बुजेल"मधले. आणि लूमवरचे सगळेच. "कापसाची कुसं डोळ्यात, आणि ह्यांचा हात सारखा डोळ्यावर," म्हणायचे. लोकांना वाटायचं हा माणूस भविष्य सांगतो. खरं तर तो फक्त बघत होता. पण बघितलेलं असं तोंडावर फेकायचं कशाला, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि आजही त्यांना त्याबद्दल माझी माफी नाही.

आमचं गाव अंबाडीच्या पुढे. दादा, माझा थोरला भाऊ, आधी भिवंडीजवळ नारपोलीत लूमवर लागला, मग मला आणि आईला घेऊन आला. तो एकतीस वर्षांचा होता. कुसं जाऊन डोळे खाजायचे, म्हणून मेडिकलमधून कसलेसे थेंब आणून घालायचा. लूमवरचे सगळेच घालायचे. घातले की दोन मिनिटांत खाज बंद, लाली बंद. तीन-चार वर्षं घातले त्याने. मग दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, चालताना उजवीकडून येणारी माणसं अंगावर आदळायला लागली. मी दवाखान्यात नोकरीला असून तो माझ्याकडे आला तेव्हा उजवा डोळा गेलेला होता. डॉक्टरांनी थेंबाची बाटली हातात घेतली, वास घेतला, लेबल वाचलं आणि टेबलावर आपटली. "हे कोणी दिलं तुला? ह्यानंच डोळ्यातला दाब वाढलाय." दादा म्हणाला, "सगळेच घालतात, साहेब." डाव्याचं ऑपरेशन ताबडतोब करायचं ठरलं.

पट्टीवाल्यांनी दादाला तोच प्रश्न विचारला. दादा हसून म्हणाला, "हे बोट बघा काका. लूममध्ये गेलं होतं. आठ दिवसांत परत शिफ्टला." त्यांनी ते बोट हातात घेतलं, व्रणावरून अंगठा फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझा भाऊ? वाईट." बस. आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनीच तसं सांगितलं. दादा आठवडाभर खाटेवर होता आणि त्या आठवड्यात पट्टीवाले त्याच्याजवळून हलले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. हात डोळ्याकडे गेला की फटकन हातावर मारायचे. झोपेत चोळू नये म्हणून दोन्ही मनगटं खाटेला सैल बांधून ठेवली. वरच्या पापणीखाली, बुबुळाच्या जरा वर, तुरीच्या दाण्याएवढा पाण्याचा फोड आला होता. खाली बघायला सांगून पापणी उचलली की दिसायचा. ते म्हणायचे, "हा फोड माझा आहे. तुझा नव्हे. ह्याला जप." मीही ते ऐकलं. आईनेही ऐकलं. कशासाठी, ते विचारलं नाही. त्यांना काही विचारायचं म्हणजे अपमान करून घ्यायचा.

मग घरी जायचा दिवस आला. आई मला सांगून आली होती की पट्टीवाल्यांच्या पाया पडायचं, त्यांनी फार केलं. ती वाकणार तोच त्यांनी दारातून दादाला म्हटलं, "जा. पण लवकर बरा होऊ नकोस."

आईचा हात तिथेच राहिला. "काय बोल्ला तू?"

"बरा होऊ नको म्हटलं. जेवढा उशीर तेवढं चांगलं."

"मेल्या, माज्या पोराचा एक डोला गेला हाय! दुसरा पन जाऊ दे म्हन्तंस? तुला पोरंबाळं न्हाय का रं?"

"नाहीत," ते म्हणाले आणि पट्ट्यांचा डबा उचलून आत गेले. समजावून सांगायला दोन मिनिटं लागली असती. बाकावरच्या अनोळखी माणसाला मोरीचं सगळं पुराण सांगणारा माणूस, माझ्या आईला दोन मिनिटं देऊ शकला नाही.

घरी आल्यावर आईने मला कागद घ्यायला लावला. "लिही. वर दे. असं काळ्या जिभेचं मानूस दवाखान्यात नको." मी लिहिलं. ड्रेसर रुग्णांना अशुभ बोलतात, आप्तांचा अपमान करतात. आईची तक्रार एवढीच होती. ती लिहून झाली आणि कागदावर जागा उरली होती. मला बाकावरची ती पंधरा-वीस माणसं आठवली, फाटलेला पेपर आठवला. मी पुढचं वाक्य माझ्या मनाचं घातलं. "तसेच सदर इसम ऑपरेशन झालेल्या डोळ्यांवर अंगठ्याने जोरजोरात दाब देतात, त्यामुळे रुग्णांच्या डोळ्यांस धोका आहे." ते डॉक्टरांनीच त्यांना शिकवलं होतं, हे मला माहीत होतं. खालच्या पापणीवरून दाबायचं, म्हणजे पाणी त्या वाटेने जोर करून बाहेर पडतं आणि वाट मोकळी राहते. मी डॉक्टरांना ते शिकवताना पाहिलं होतं. तरी लिहिलं. आईने खाली अंगठा उठवला.

इथे शुक्रवारचं सांगायला हवं. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारी. डॉक्टर यायचे रविवारी. म्हणजे लूमवरच्या माणसाला डोळा दाखवायचा तर शिफ्ट बुडवायला हवी. एकदा बुडवतील, दोनदा बुडवतील, मग डोळा दुखत नाही म्हटल्यावर कशाला येतील? म्हणून पट्टीवाल्यांनी आपल्या डोक्याने शुक्रवार चालू केला होता. कोणाची परवानगी नाही, कुठे नोंद नाही. शुक्रवारी दुपारी लूमवरचे डावे-उजवे ओळीने बाकावर बसायचे आणि हे एकेकाचा डोळा चाचपून दाब द्यायचे. एखादा आला नाही तर सायकल काढून त्याच्या खोलीवर जायचे आणि त्याला चारचौघांत शिव्या घालून आणायचे. डॉक्टरांना हे ठाऊक होतं. ट्रस्टला नव्हतं.

तक्रार वाचून ट्रस्टचे सेक्रेटरी हादरले. डोळ्यावर अंगठे म्हणजे उद्या कोर्ट. पट्टीवाल्यांना पट्टीच्या खोलीतून काढून मागच्या बाजूला, हत्यारं आणि पट्ट्या उकळायच्या खोलीत टाकलं. त्यांच्या जागी एक गोड बोलणारा तरुण आला. सगळ्यांना नावाने हाक मारायचा, मला ताई म्हणायचा. माझ्या "बरा"वर त्याने कधी काट मारली नाही. शुक्रवारी त्याची साप्ताहिक सुट्टी असायची.

दादा पहिल्या शुक्रवारी गेला, खोलीला कुलूप बघून परत आला. पुढच्या रविवारी त्याला डबल ड्युटी होती. त्याच्या पुढच्या रविवारीही. डोळा पांढरास्वच्छ होता, दुखत नव्हता, पाणी येत नव्हतं. मग तो नेहमीसारखा शिफ्टवरच जात राहिला. आई रोज सकाळी त्याला उंबऱ्यात बसवून पापणी उचलून बघायची. फोड हळूहळू बसत चालला होता. "आज कमी हाय कालच्यापरीस," ती सांगायची आणि मीही वाकून बघायची. फोड म्हणजे दुखणं, फोड बसला म्हणजे दुखणं गेलं. कुठल्याही घरात हेच कळतं. ज्या दिवशी तो पूर्ण सपाट झाला त्या दिवशी आईने दृष्ट काढली, गणेशपुरीला बोललेला नवस फेडायचा वार ठरवला आणि दादाला पेढे आणायला पाठवलं.

दवाखान्यात सगळ्यांना पेढे वाटून झाल्यावर आई म्हणाली, "त्या मानसाला पन देऊ. त्याच्या जिभेनं काय झालं न्हाय, बघू दे त्याला." मोठ्या विजयाने ती मागच्या खोलीत गेली. दादा आणि मी मागून. आत नुसती वाफ. पट्टीवाले पातेल्यात चिमटा घालून पट्ट्या ढवळत होते. आईने पेढा पुढे केला. "घे. बरा झाला माजा पोर. फोड पन बसला."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. पेढा घेतला नाही. दादाला दंडाला धरून दारातल्या उजेडात नेलं. "खाली बघ." पापणी उचलली. कितीतरी वेळ बघत राहिले. मग "मिट" म्हणाले आणि ती दोन बोटं पापणीवर ठेवली. एकाने दाबलं, दुसऱ्याने अंदाज घेतला. पुन्हा दाबलं.

"सुपारी," ते म्हणाले.

आई म्हणाली, "सुपारी न्हाय आनली. पेढेच हायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच कागदाकडे बघावं तसं नव्हे. "रविवारपर्यंत थांबू नको. ह्याला आज मुंबईला ने," म्हणाले आणि दादाला तिथेच उभं करून खालच्या पापणीवर अंगठा ठेवून दाब द्यायला लागले, सोडायचे, दाबायचे. काही होणार नव्हतं. फोड म्हणजे त्या वाटेने बाहेर आलेलं पाणी, आणि वाट केव्हाच भरून गेली होती, साफ, एखादी जखम भरावी तशी. दादाच्या अंगाने आपलं काम नेहमीसारखं चोख केलं होतं.

डॉक्टरांनी मुंबईत दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं. एकदा बुजलेल्या ठिकाणी दुसरी वाट टिकणं अवघड, हे त्यांनी आधीच सांगितलं. तीही बुजली आणि डावा डोळाही गेला. त्यानंतरच्या रविवारी दवाखान्यात येऊन ते सेक्रेटरींवर ओरडले. "शुक्रवार कोणी बंद केला? कोणाला विचारून?" सेक्रेटरींनी तो कागद काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वाचला. "अंगठा आईचा आहे. लिहिलंय कोणी? हे दाबाचं तिला कुठून सुचलं?" पट्टीवाल्यांना बोलावलं गेलं. माझं अक्षर दवाखान्यात त्यांच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. दोन वर्षं ते रोज खोडत होते. त्यांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

"अक्षर ओळखीचं नाही," ते म्हणाले.

नंतर ते माझ्या टेबलापाशी आले. मी खाली मान घालून बसले होते. वाटलं आता बोलतील, बोलावं, निदान शिवी द्यावी. म्हणाले, "तुला काढलं तर नवीन येईल ती पुन्हा 'बरा' लिहील. तुला आता तरी कळलंय." आणि दादाचा केसपेपर माझ्यासमोर ठेवला. शेवटचा रकाना रिकामा होता. तो त्यांनी माझ्याकडूनच भरून घेतला. ह्याबद्दलही त्यांना माझी माफी नाही. मला माझीही नाही.

ते पट्टीच्या खोलीत परत आले, शुक्रवार पुन्हा सुरू झाला. दारातून "लवकर बरे होऊ नका" ऐकू यायचं आणि मी पेन थांबवून त्या बाईमाणसांना बोलावून घ्यायची, दोन मिनिटं समजावून सांगायची. मोरी, भोक, फोड, सगळं. शेकडो लोकांना समजावलं असेल. मग मी नोकरी सोडली, ते कुठे गेले ते कळलं नाही.

ज्या घरात समजावायला हवं होतं तिथे मात्र मी कधी तोंड उघडलं नाही. आई जाईपर्यंत सांगत होती की एका काळ्या जिभेच्या माणसाने माझ्या पोराचा डोळा खाल्ला. दादा आता म्हातारा झालाय. नारपोलीतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसतो, आवाजावरून सांगतो कोणाचा लूम बंद आहे. नातवंडं जमली की तीच गोष्ट निघते. ऑपरेशन झकास झालं होतं रे, डोळा पांढराफेक, फोडसुद्धा बसला होता. पण तो पट्टीवाला दारात उभा राहिला आणि म्हणाला, बरा होऊ नकोस.

गेल्या दिवाळीत त्याची मोठी नात म्हणाली, "कोणी असं बोलेल का, आजोबा? खोटं." दादाने मान माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. "आत्याआजीला विचार. ती होती तिथे. अगं, सांग ना तिला. बोलला होता की नाही तो?"

"बोलले होते," मी म्हटलं.